आठ-चारच्या शीटमधून निघालेली होडी

घरात कधी कपाट किंवा पलंग करून घेतला असेल, तर ‘आठ-चारची शीट’ हे शब्द सुताराच्या तोंडून ऐकलेले असतात. आठ फूट लांब, चार फूट रुंद. प्लायवुड बहुतेक याच मापात विकलं जातं आणि त्यातून काय काय निघेल, वाया किती जाईल, हा हिशोब प्रत्येक कामाच्या आधी मांडावा लागतो. १९४७ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, क्लिअरवॉटर या समुद्रकाठच्या गावी क्लार्क मिल्स नावाच्या होडीबांधकाम करणाऱ्या माणसापुढे नेमका हाच हिशोब आला. अट अशी होती की मुलांसाठी शिडाची होडी हवी, ती प्लायवुडच्या दोन शीटमध्ये बसली पाहिजे, खर्च पन्नास डॉलरच्या आत राहिला पाहिजे आणि साधी हत्यारं वापरता येणाऱ्या बापाला ती मुलाला हाताशी घेऊन घरच्या गॅरेजमध्ये उभी करता आली पाहिजे.

त्या हिशोबातून जी होडी निघाली तिचं नाव ऑप्टिमिस्ट. आज शंभराहून अधिक देशांत मुलं याच होडीत शीड हाताळायला शिकतात. जगभर नोंद झालेल्या ऑप्टिमिस्टची संख्या दीड लाखाच्या पुढे गेली आहे आणि नोंदीबाहेर, क्लबांच्या शेडमध्ये पडलेल्या, या हातातून त्या हातात गेलेल्या होड्या वेगळ्याच.

कल्पना मिल्सची नव्हती. ती मेजर क्लिफर्ड मॅकके यांची. त्या काळी अमेरिकेत ‘सोप बॉक्स डर्बी’ नावाची मुलांची शर्यत फार लोकप्रिय होती. मुलं लाकडी फळ्यांची, इंजीन नसलेली गाडी स्वतः बनवायची आणि उतारावरून सोडायची. मॅकके यांचं म्हणणं असं की आपल्या गावाला उतार नाही, पण पाणी भरपूर आहे, तर हाच खेळ पाण्यावर का नको? गावातल्या ‘ऑप्टिमिस्ट क्लब’पुढे त्यांनी हा विचार मांडला. हा क्लब म्हणजे रोटरीसारखी, मुलांसाठी काम करणारी एक सेवाभावी संस्था. होडीला नाव मिळालं ते या क्लबाचं.

मिल्सने होडीचं पुढचं तोंड सरळ कापून टाकलं. होडीची नाळ निमुळती असावी, पाणी कापत जावी, हे कोणीही सांगेल. पण निमुळती नाळ करायची तर आठ फुटांच्या शीटमध्ये आतली जागा फार कमी उरते, शिवाय फळ्यांना अवघड बाक द्यावा लागतो. तोंड चपटं ठेवलं की त्याच लांबीत मुलाला बसायला ऐसपैस जागा मिळते, होडी पाण्यावर पसरून बसते आणि सहजी कलंडत नाही. ऑप्टिमिस्टकडे पहिल्यांदा बघणारा माणूस तिला खोका म्हणतो आणि दिसायला ती तशीच आहे. माझ्या मते मात्र या चौकोनी तोंडातच मिल्सची सगळी हुशारी आहे. होडी देखणी करण्याचा मोह त्याने टाळला आणि ती कोणाला चालवायची आहे ते डोळ्यांपुढे ठेवलं.

मापं आजही जवळपास तीच आहेत. लांबी पावणेआठ फूट, रुंदी पावणेचार फुटांच्या आत, रिकाम्या होडीचं वजन ३५ किलो, शीड ३५ चौरस फुटांचं. दोन मोठी मुलं ती दोन बाजूंनी धरून वाळूवरून पाण्यापर्यंत नेऊ शकतात.

१९५४ मध्ये आक्सेल डामगार्ड या डॅनिश माणसाच्या नजरेला ती पडली आणि तो ती डेन्मार्कला घेऊन गेला. तिथून ती स्कँडिनेव्हियात आणि मग युरोपभर पसरली. पहिली जागतिक स्पर्धा १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या हॅम्बल इथे झाली, १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, पुढे लाकडाची जागा फायबरग्लासने घेतली. इतिहास एवढा पुरे. खरी मजा होडीच्या अंगात आहे.

ऑप्टिमिस्टला एकच शीड असतं, जवळजवळ चौकोनी. डोलकाठी आखूड, होडीच्या लांबीइतकीच, त्यामुळे सगळा सांगाडा उतरवून होडीतच ठेवता येतो. आता आखूड डोलकाठीवर उंच शीड कसं तोलायचं? त्यासाठी ‘स्प्रिट’ नावाची एक बारीक काठी असते. ती डोलकाठीच्या मधल्या उंचीपासून तिरकी वर जाते आणि शिडाच्या वरच्या, मागच्या कोपऱ्याला आधार देते. आपल्या कोकणातल्या जुन्या गलबतांवर तिरकं आडवं लाकूड शिडाची वरची कड पेलत असे. इथे काठी शिडाच्या अंगावरून कोपऱ्यातून कोपऱ्यात जाते. खालच्या कडेला ‘बूम’ नावाचा आडवा दांडा. शीड डोलकाठीला आणि बूमला छोट्या छोट्या दोऱ्यांनी बांधलेलं असतं आणि या गाठी मुलांनी स्वतः मारायच्या असतात. स्प्रिट किती ताणली, कुठली गाठ सैल राहिली, यावर शिडाचा फुगवटा ठरतो. स्प्रिट ढिली राहिली की शिडावर तिरकी सुरकुती पडते. पाण्यावर काही दिवस काढलेलं दहा वर्षांचं पोरही ती सुरकुती लांबून ओळखतं आणि किनाऱ्यावरून मित्राला ओरडून सांगतं.

चालवणाऱ्याच्या एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्या हातात शिडाचा दोर. होडीच्या मध्यभागी एका फटीतून एक फळी खाली पाण्यात सोडलेली असते, तिला डॅगरबोर्ड म्हणतात. पाय अडकवायला तळाशी पट्टे. पाणी उपसायला दोरीने बांधलेलं भांडं. बस्स, एवढीच सामग्री.

पाण्यात बुडालेली ती फळी नसती, तर शिडाची होडी वारा नेईल तिकडे वाहत गेली असती. वाऱ्याच्या दिशेने जायला विद्या लागत नाही, पालापाचोळाही जातो. जिकडून वारा येतो तिकडे जाणं ही खरी कला. वारा शिडाच्या फुगवट्यावरून वळून जाताना शिडाच्या दोन बाजूंवर दाब वेगवेगळा पडतो आणि त्यातून एक जोर तयार होतो. हा जोर बराचसा आडवा आणि थोडासा पुढे असतो. आडवं जायला डॅगरबोर्ड देत नाही, कारण रुंद फळी पाण्यातून आडवी ओढणं फार कठीण. मग उरतो तो पुढचा जोर. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की तो जसा पुढे सटकतो, तशी वारा आणि पाणी यांच्या चिमटीत सापडलेली होडी पुढे निघते. अगदी वाऱ्याच्या नाकासमोर मात्र ती कधीच जाऊ शकत नाही. साधारण ४५ अंशांच्या आत शिरली की शीड फडफडतं आणि होडी उभी राहते. म्हणून वाऱ्याकडे जायचं तर तिरपं जायचं, मग वळून दुसरीकडून तिरपं जायचं, असं नागमोडी चढत राहायचं. प्रत्येक वळणाला बूम या बाजूची त्या बाजूला जाते. मुलाने डोकं खाली घालून पलीकडे सरकायचं, दांडा आणि दोर यांची हातांत अदलाबदल करायची आणि होडी थांबण्याच्या आत पुन्हा शीड ओढून घ्यायचं. लिहायला एक वाक्य लागतं, अंगात मुरायला एक हंगाम.

वारा पाठीमागून असतो तेव्हा खेळ बदलतो. आता आडवा जोर नसतो, तेव्हा डॅगरबोर्ड बराचसा वर उचलायचा, म्हणजे पाण्याचा अडथळा कमी होतो. शीड पूर्ण बाहेर सोडायचं आणि सराईत मुलं तर होडी मुद्दाम वाऱ्याच्या बाजूला कलती ठेवतात, म्हणजे सुकाणूवर ताण येत नाही आणि ती सरळ धावते. या स्थितीत वारा अचानक शिडाच्या दुसऱ्या बाजूने शिरला, तर बूम सपकन फिरते. नवशिक्यांच्या होड्या जास्त करून इथेच उलटतात.

उलटण्याचा धडा बहुतेक ठिकाणी पहिल्या काही दिवसांतच देतात, तोही मुद्दाम होडी उलटवून. होडीत हवेने भरलेल्या तीन पिशव्या बांधलेल्या असतात, दोन बाजूंना आणि एक मागे, त्यामुळे ती बुडत नाही. मुलाच्या अंगात लाइफ जॅकेट असतंच. होडी आडवी पडली की तिला सोडून पोहत जायचं नाही, हा पहिला नियम. वळसा घालून डॅगरबोर्डपाशी यायचं, त्यावर वजन टाकायचं, होडी सरळ होते, मग आत चढायचं. आत पाणी भरलेलं असतं. ते भांड्याने उपसायचं आणि पुढे निघायचं. डोलकाठीही आपल्या खोबणीतून निसटू नये म्हणून बांधलेली असली पाहिजे, असं नियम सांगतात. ती न बांधता उलटलं तर काय होतं हे ज्याने पाहिलं आहे, तो ती गाठ कधी विसरत नाही.

या होडीत दुसरं कोणी नसतं. सात-आठ वर्षांचं मूल एकटं बसलेलं असतं. आईवडील किनाऱ्यावर, प्रशिक्षक मोटारबोटीत, हाकेच्या अंतरावर पण होडीच्या बाहेर. दोर ओढायचा की सोडायचा, आता वळायचं की अजून थोडं पुढे जायचं, समोरून झुळूक येते आहे ती आपल्यापर्यंत पोचेल का, हे सगळं त्याने ठरवायचं. चूक झाली तर होडी ताबडतोब सांगते: थांबते, कलते, नाही तर उलटते. कोणी रागावत नाही. आपल्याकडे मुलांचा दिवस इतका आखलेला असतो की त्यांनी स्वतः निर्णय घ्यावा आणि त्याचं फळ लगेच बघावं, असे प्रसंग फार थोडे उरले आहेत. ऑप्टिमिस्ट हे काम दर अर्ध्या मिनिटाला करते. मला ही होडी प्रिय आहे ती मुख्यतः यासाठी.

एकट्याने बसण्याची हीच गोष्ट काही मुलांना जड जाते. घाबरणारी मुलं असतात, त्यांना सुरुवातीला दोघांनी मिळून चालवायच्या होडीत बसवलं तर ती लवकर रुळतात. चांगले प्रशिक्षक पहिल्या दिवसांत एका ऑप्टिमिस्टमध्ये दोन लहान मुलांनाही बसवतात. तेव्हा सगळ्यांना एकच वाट, असा आग्रह कोणी धरू नये.

शर्यतीचं जग याच्या पुढचं. वयाची पंधरा वर्षं पूर्ण होतात त्या वर्षाच्या अखेरपर्यंतच ऑप्टिमिस्टमध्ये शर्यत लढवता येते. मुलगे आणि मुली एकाच शर्यतीत उतरतात. सुरुवातीची रेषा दोन खुणांमधली, डोळ्यांना न दिसणारी. पाच मिनिटं आधी पहिला इशारा होतो आणि मग पन्नास-साठ होड्या त्या रेषेमागे घिरट्या घालत, घड्याळ बघत, एकमेकींची जागा अडवत राहतात. होडीला ब्रेक नसतो. शून्यावर नेमकं रेषेवर आणि तेही वेगात असायचं, यात मोठमोठे खेळाडूही चुकतात.

वाटेतल्या नियमांत पहिला नियम असा: वारा ज्या होडीच्या उजव्या अंगाने येतो तिला हक्क, डाव्या अंगाने येतो तिने वाट द्यायची. धक्का लागला किंवा वाट अडवली तर शिट्टी वाजवायला मैदानात पंच नसतो. चूक करणाऱ्याने ती आपणहून मान्य करायची आणि तिथल्या तिथे होडीच्या दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या. या गिरक्यांमध्ये दहा-वीस होड्या पुढे निघून जातात. मान्य नसेल तर दुसऱ्याने ‘प्रोटेस्ट’ असं ओरडायचं आणि किनाऱ्यावर आल्यावर समितीपुढे दोघांनी आपापली बाजू मांडायची, साक्षीदार आणायचे. अकरा-बारा वर्षांची पोरं टेबलावर छोट्या होड्या मांडून घटना समजावून सांगतात. पाण्यावर पंचांच्या बोटी फिरतात त्या मुख्यतः एका गोष्टीसाठी: वारा पडला की मुलं अंग हलवून किंवा शीड वारंवार खेचून होडी पुढे ढकलू बघतात, तेवढं पकडायला.

सगळ्यांची होडी सारखी असेल तरच या शर्यतीला अर्थ आहे. पूर्वी वेगवेगळ्या बांधणाऱ्यांच्या होड्यांत बारीक फरक असायचे आणि ज्याच्या वडिलांचा खिसा मोठा त्याला वेगवान होडी मिळायची. म्हणून १९९५ पासून संघटनेने मापं इतकी घट्ट केली की कुठल्याही कारखान्यातून निघालेली होडी सारखीच असावी. स्पर्धेआधी मोजणी होते. होडी ओढून नेण्याचा दोर पाण्यावर तरंगणारा, किमान ५ मिलिमीटर जाड आणि ८ मीटर लांब असला पाहिजे, इथपर्यंत नियम आहेत. वारा पूर्ण पडला की एका मोटारबोटीमागे दहा-बारा ऑप्टिमिस्टची माळ बांधून आणतात, तेव्हा या दोराचं महत्त्व कळतं.

होडी सारखी असली तरी मुलांची वजनं सारखी नसतात. मंद वाऱ्यात हलकं मूल पुढे जातं. वारा वाढला की होडी कलायला लागते, तेव्हा पट्ट्यात पाय अडकवून अंग बाहेर झोकून द्यावं लागतं आणि तिथे वजनदार मुलाचा फायदा होतो. मुलं वाढतात, एका हंगामात पाच-सात किलो वजन चढतं आणि होडी एकदम लहान वाटू लागते. मग ती लहान भावंडाकडे किंवा क्लबातल्या दुसऱ्या मुलाकडे जाते आणि मोठं झालेलं मूल आयएलसीए या एकट्याने चालवायच्या मोठ्या होडीकडे किंवा दोघांच्या होडीकडे वळतं.

इथून निघालेली माणसं कुठे पोचली ते सर्वांना माहीत आहे. ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं मिळवणारा इंग्लंडचा बेन एन्सली आणि पाच पदकं मिळवणारा ब्राझीलचा रॉबर्ट शाईट हे दोघेही लहानपणी ऑप्टिमिस्टमध्येच शिकले. जानेवारी २०१२ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी डच मुलगी लॉरा डेकर, तिची पहिली होडी ऑप्टिमिस्टच.

एका गोष्टीचं मात्र वाईट वाटतं. पन्नास डॉलरच्या आत, बापलेकांनी गॅरेजमध्ये बांधायची म्हणून जन्माला आलेल्या या होडीची शर्यतीच्या दर्जाची नवी प्रत आज भारतात घ्यायची तर खर्च लाखांत जातो. शीड वेगळं, ते दर एक-दोन हंगामांनी थकतं. मापांची शिस्त आल्यामुळे न्याय आला हे खरं, पण घरी ठोकून बनवण्याची वाट त्याच शिस्तीने जवळपास बंद केली. शिकण्यापुरती जुनी होडी चांगली चालते, हे क्लबांनी पालकांना ठासून सांगायला हवं.

भारतात हा खेळ बराच काळ सैन्यदलं आणि मोजके क्लब यांच्यापुरता राहिला. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईत झाल्या होत्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं होतं. पण त्याचा गाजावाजा शहराबाहेर फारसा पोचला नाही. २०१४ च्या इंचॉन एशियाडमध्ये ऑप्टिमिस्ट हाही एक स्पर्धाप्रकार होता. गेल्या वीसेक वर्षांत चित्र बदललं ते अनपेक्षित जागी. हैदराबादच्या हुसेन सागरावर साध्या घरांतली मुलं ऑप्टिमिस्टमध्ये बसू लागली. भोपाळच्या मोठ्या तलावावर राष्ट्रीय सेलिंग स्कूल उभं राहिलं आणि तिथे तयार झालेल्या, मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातल्या नेहा ठाकूरने २०२३ च्या हांगझाऊ एशियाडमध्ये मुलींच्या आयएलसीए-४ प्रकारात रौप्यपदक मिळवलं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावची मुलगी.

आणि आपण? पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत किनारा, गावोगावी खाड्या. पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत या खाड्यांतून मचवे आणि गलबतं शिडावर चालत. वारा कधी फिरेल, सकाळचा मतलई कधी थांबेल आणि दुपारचा खारा वारा कधी सुटेल, हे कोळीवाड्यातल्या पोराला शाळेत जाण्याआधी कळत असे. स्वातंत्र्यानंतर होड्यांवर इंजिनं आली. त्याने कष्ट वाचले, मासळी वाढली आणि त्याबद्दल कोणी तक्रार करू नये. पण शीड उतरलं ते उतरलंच. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो, पण आपल्या खाडीत एकाही शाळेची शिडाची होडी नसते याची खंत वाटून घेत नाही. या खेळाला खाडीचं उथळ, आडोशाचं पाणी उत्तम. धरणांचे जलाशयही चालतात. लागतात त्या आठ-दहा जुन्या ऑप्टिमिस्ट, एक मोटारबोट, एक जाणता प्रशिक्षक आणि होड्या ठेवायला शेड. जिल्हा परिषदांनी, मत्स्यव्यवसाय सोसायट्यांनी आणि किनाऱ्यावरच्या शाळांनी मिळून मनावर घेतलं, तर हे न परवडणारं नाही.

तोवर, ज्यांना आपल्या मुलाला पाण्यावर न्यावंसं वाटतं त्यांच्यासाठी एवढं. मुंबईत शिडाच्या छोट्या होड्यांचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो. आधी मुलाला पोहायला शिकवा. होडी विकत घेऊ नका, क्लबाची वापरा. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं आहे का, पाण्यावर मुलं असताना सोबत मोटारबोट असते का आणि होडी उलटवून सरळ करायला पहिल्या काही दिवसांतच शिकवतात का, हे तीन प्रश्न प्रशिक्षकाला विचारा आणि तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तरच नाव घाला. मूल पाण्यावर गेलं की किनाऱ्यावरून सूचना ओरडू नका. त्याला वारा ऐकू द्या.